एका पाटीखालची नऊ झाडे : गडद लाल गुलाबांच्या ओळखीचे एक प्रकरण

एका जुन्या गुलाबबागेत गडद लाल, सुवासिक फुलांच्या नऊ झाडांची एक रांग होती आणि रांगेच्या तोंडाशी ‘पापा मेयाँ’ अशी एकच पाटी होती. बागेतील सर्व वाणांची नवी यादी करायची, यादीतील झाडांचे डोळे (फांदीवरील वाढीचे अंकुर) काढून कलमे बांधायची आणि ती नावानिशी इतर बागांना द्यायची असे ठरल्यावर या रांगेचा प्रश्न पुढे आला. छाटणी करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की ही सगळी झाडे एकाच वाणाची असणे कठीण आहे; काही झाडे सरळ वर जातात, शेवटचे झाड बुटके व भरदार राहते आणि तिसरे झाड वर्षातून एकदाच फुलून पुढे नुसते पानांवर असते. यावर उत्तर असे दिले जात होते की पाटी जुनी आहे, फुले गडद लाल आहेत, सुगंध भरपूर आहे, आणि एवढे वर्णन जुळत असताना नावावर शंका घेण्याचे कारण नाही.

हे उत्तर वाजवी वाटते, पण खरी अडचण त्यातच आहे. ‘गडद लाल, मोठे, सुवासिक’ हे वर्णन हायब्रिड टी या, लांब देठावर मोठी फुले देणाऱ्या आधुनिक गुलाबांच्या वर्गातील अनेक वाणांना सारखेच लागू पडते. त्याने शोधाचे क्षेत्र आखले जाते. ओळख पटत नाही. शिवाय चुकीच्या नावाने एक कलम बाहेर गेले की त्याची पुढे आणखी कलमे होतात, आणि काही वर्षांनी अनेक बागांत तेच नाव दिसते म्हणून ते बरोबर असले पाहिजे, असा उलटा पुरावा तयार होतो. त्या सगळ्या बागांचा मूळ स्रोत एकच होता, हे तोवर कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. गुलाबाच्या नावांतील बहुतेक जुने गोंधळ याच वाटेने वाढलेले आहेत, आणि म्हणून डोळे काढण्याआधी थांबून ही नऊ झाडे एकेक करून तपासण्याचा निर्णय योग्य होता असे मला ठामपणे वाटते.

पाटी आणि नोंदवही

पहिले काम झाडांना हात लावण्याचे नव्हते, पाटी कशाची साक्ष देते हे ठरवण्याचे होते. पाटी जमिनीत रोवलेली होती; कोणत्याही झाडाला बांधलेली नव्हती. अशी पाटी जागेचे नाव सांगते. त्या जागी आज उभे असलेले झाड तेच आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. गुलाबाच्या वाफ्यात मेलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावणे हे नित्याचे काम असते आणि त्या वेळी पाटी बदलण्याची आठवण क्वचितच राहते.

बागेची लागवडीची नोंदवही उपलब्ध होती. तिच्यात या रांगेच्या मूळ लागवडीसमोर ‘पापा मेयाँ’ असे नाव होते, म्हणजे पाटी लावताना ती खरी असण्याची शक्यता होती. पुढे झालेल्या भरपाईच्या नोंदी मात्र सैल होत्या. एका ठिकाणी दोन झाडांसाठी ‘मिस्टर लिंकन’ असे नाव होते, पण ती रांगेत कुठे लावली हे लिहिलेले नव्हते. बाकीच्या नोंदींत केवळ ‘गडद लाल, सुवासिक’ एवढेच होते. नोंदवहीने नाव सिद्ध केले नाही, तरी कोणती नावे तपासायची हे तिने सांगितले, आणि ओळखीच्या कामात ही मदत मोठी असते. केवळ चित्रे पाहून जगभरातल्या लाल गुलाबांतून नाव शोधणे आणि त्या बागेत येऊ शकणाऱ्या मोजक्या वाणांतून शोधणे यांत फार अंतर आहे.

यानंतर प्रत्येक झाडाला रांगेतील क्रमांक देऊन मुख्य खोडाला ॲल्युमिनियमची कोरलेली पट्टी सैलसर बांधली आणि वाफ्याचा नकाशा वेगळा काढून ठेवला. तपासणी संपेपर्यंत कोणत्याही झाडाचा उल्लेख नावाने करायचा नाही, क्रमांकानेच करायचा, असा नियम ठेवला. निरीक्षण करणाऱ्याच्या मनात नाव आधी बसले की डोळे त्याला सोयीची लक्षणेच टिपतात.

तिसरे झाड

वर्षातून एकदाच फुलणाऱ्या तिसऱ्या झाडाचा उलगडा सर्वांत आधी झाला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. याच्या फांद्या लांब, लवचिक आणि कमानीसारख्या वाकणाऱ्या होत्या, फुले झुपक्यांनी येत होती, पाकळ्या जेमतेम पंधरा होत्या आणि मध्यभागी पिवळे पुंकेसर स्पष्ट दिसत होते. खोडाभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला केल्यावर डोळा भरल्याची जुनी गाठ सापडली. गाठीच्या वरचा भाग वाळून गेलेला होता आणि जिवंत असलेल्या सगळ्या फांद्या गाठीच्या खालून निघालेल्या होत्या. म्हणजे मूळ कलम केव्हाच मेले होते आणि त्याच्या जागी खुंटाचे, म्हणजे ज्या मुळाकडच्या झाडावर कलम बांधले जाते त्याचे, फुटवे वाढले होते.

एरवी खुंटाचा फुटवा फुलाच्या रंगावरून चटकन कळतो, कारण रोझा मल्टिफ्लोरासारख्या खुंटांची फुले लहान व पांढरी असतात. येथे तसे झाले नाही, कारण फुलेही गडद लाल होती. खुंट म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा ‘डॉक्टर ह्यूई’ हा वाण अगदी असा असतो: 1920 साली बाजारात आलेला, वेलीसारखा वाढणारा, अर्धदुहेरी गडद लाल फुलांचा आणि एकाच बहराचा. सर्व लक्षणे त्याच्याशी जुळली, तरी यादीत ‘खुंट, बहुधा डॉक्टर ह्यूई’ एवढेच लिहिले, कारण खुंटाचे नाव ठरवणे हे या तपासणीचे काम नव्हते.

या निमित्ताने एका समजुतीबद्दल लिहिणे आवश्यक आहे. पानात पाच पर्णिका (संयुक्त पानातील छोटी पाने) असतील तर कलम आणि सात असतील तर रानटी फुटवा, असे अनेक ठिकाणी शिकवले जाते. हा नियम विश्वासार्ह नाही. जोमदार वाढीच्या काळात हायब्रिड टी गुलाबांनाही सात पर्णिकांची पाने येतात आणि काही खुंटांना पाचच पर्णिका असतात. फुटवा गाठीच्या वरून निघाला आहे की खालून, हे माती उकरून पाहणे हीच खात्रीची परीक्षा आहे, आणि सात पर्णिका मोजून चांगली फांदी कापून टाकण्याचे नुकसान त्यामुळे टळते.

तीन सख्खी भावंडे

उरलेल्या आठ झाडांसाठी संभाव्य नावांची यादी केली तेव्हा या प्रकरणाचा गाभा समोर आला. ‘पापा मेयाँ’ हा वाण फ्रान्समध्ये आलँ मेयाँ यांनी तयार केला आणि तो 1963 साली बाजारात आला. तो त्यांनी आपले आजोबा आंत्वान मेयाँ यांच्या नावाने ओळखला जावा असे ठरवले. ‘मिस्टर लिंकन’ हा अमेरिकेत हर्बर्ट स्विम आणि ओ. एल. वीक्स यांनी तयार केलेला, 1964 सालचा. ‘ओक्लाहोमा’ हाही त्याच जोडीचा आणि त्याच वर्षाचा. हे तिन्ही वाण ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालरँ’ या एकाच जोडीच्या संकरातून आलेले आहेत. निरनिराळ्या पैदासकारांनी, दोन खंडांत, तेच आईबाप निवडले आणि त्यांतून तीन नामांकित गडद लाल गुलाब निघाले. ‘मिस्टर लिंकन’ला 1965 साली ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्सचा सन्मान मिळाला, ‘पापा मेयाँ’ 1988 साली जागतिक गुलाब संस्था महासंघाच्या मानांकित गुलाबांत गेला, आणि ‘ओक्लाहोमा’ला 2004 साली ओक्लाहोमा राज्याच्या फुलाचा मान मिळाला.

हायब्रिड टी गुलाब बहुतेक चतुर्गुणित असतात, म्हणजे त्यांच्या पेशीत सात गुणसूत्रांचे चार संच मिळून 28 गुणसूत्रे असतात. एकाच संकरातील रोपांत या चार संचांचे वाटप वेगवेगळे होते, म्हणून भावंडे एकसारखी नसतात. पण रंगद्रव्य, मखमली पोत आणि दमास्क प्रकारचा दाट सुगंध यांसारखी जी लक्षणे दोन्ही आईबापांत ठळक आहेत, ती बहुतेकांत उतरतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की पाहणाऱ्याला जी लक्षणे सर्वांत आधी जाणवतात तीच या तिघांत सामाईक आहेत. वेगळेपण दुय्यम वाटणाऱ्या गोष्टींत आहे: पानाची चकाकी, पाकळ्यांची संख्या, उमलण्याची पद्धत आणि झाडाची ठेवण. पाटीवरचे नाव बरोबर मानणाऱ्यांनी नेमकी सामाईक लक्षणेच पुरावा म्हणून मांडली होती.

प्रकाशित वर्णने एकत्र ठेवली की चित्र असे दिसते. ‘पापा मेयाँ’ची पाने जाड, चकचकीत आणि काहीशी जैतुनी हिरवी असतात, फुलात साधारण 35 पाकळ्या असतात, मध्य उंच राहतो, रंग काळसर किरमिजी व मखमली असतो आणि झाड भुरी या पानांवरच्या बुरशीरोगाला लवकर बळी पडते. ‘मिस्टर लिंकन’ची पाने गडद हिरवी पण निस्तेज पृष्ठभागाची असतात, पाकळ्या 30 ते 35 असतात, झाड उंच आणि सरळ वाढते, देठ लांब असतात आणि फूल पूर्ण उमलल्यावर पेल्यासारखे होऊन पुढे बरेच सपाट होते. ‘ओक्लाहोमा’चे फूल अधिक भरगच्च, 40 ते 55 पाकळ्यांचे आणि गोलसर असते, जड झाल्यामुळे खाली झुकते, आणि त्याचीही पाने निस्तेज गडद असतात. आईच्या बाजूचा ‘क्रायस्लर इम्पीरियल’, जो 1952 साली वॉल्टर लॅमर्ट्स यांनी आणला, तोही 45 ते 50 पाकळ्यांचा आहे, म्हणून त्याला यादीतून वगळता येत नव्हते. कॉर्डेस यांचा 1935 सालचा ‘क्रिम्सन ग्लोरी’ सुरुवातीला यादीत होता. त्याची ओळख असलेली अशक्त मान आणि पसरट, काहीशी वेडीवाकडी वाढ आठपैकी एकाही झाडात नसल्यामुळे तो लवकर बाजूला पडला.

उंचीवर मात्र फार भर दिला नाही. पैदासकाराने दिलेली उंची त्याच्या जागेच्या हवेतली, जमिनीतली आणि छाटणीतली असते. त्याच झाडाची दुसऱ्या हवेत, दुसऱ्या खुंटावर दीडपट वाढ होऊ शकते. एकाच वाफ्यात, एकाच खुंटावर, एकाच रीतीने छाटलेल्या झाडांची आपसांत तुलना करायला उंची उपयोगी पडते. पुस्तकातील आकड्याशी तुलना करायला नाही.

मोजण्याची शिस्त

या प्रकरणात सर्वाधिक कष्ट निरीक्षणाची वेळ सांभाळण्यात गेले, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाकळ्यांची संख्या वाणाचे स्थिर लक्षण समजली जाते, पण ती तापमानाप्रमाणे बदलते: कळी थंड हवेत घडली तर पाकळ्या वाढतात, उष्ण हवेत घडली तर कमी होतात. लाल रंगद्रव्यही उष्णतेत कमी तयार होते, म्हणून तेच झाड उन्हाळी बहरात फिकट आणि विरळ फुले देते. अशक्त फांदीवरचे फूल, नुकत्याच लावलेल्या झाडाचे फूल आणि छाटणीनंतर अकाली आलेले पहिले फूल ही तिन्ही वाणाचे खरे रूप दाखवत नाहीत. म्हणून निरीक्षणे समशीतोष्ण काळातील भर बहरात, जोमदार फांदीवरील मधल्या फुलावर, फूल पूर्ण उमलल्याच्या पहिल्या दिवशी घेतली. प्रत्येक झाडाची अनेक फुले मोजून किमान व कमाल असा पल्ला नोंदवला. एका फुलाच्या आकड्यावर काहीही ठरवले नाही. मध्यभागी पुंकेसरांपासून बनलेल्या अर्धवट, चिंचोळ्या पाकळ्या असतात. त्या वेगळ्या मोजल्या, कारण त्या धरल्या की न धरल्या यावर वर्णनांतील आकडे दहाने पुढेमागे होऊ शकतात.

अमेरिकन रोझ सोसायटीच्या वर्गवारीत 9 ते 16 पाकळ्यांचे फूल अर्धदुहेरी, 17 ते 25 चे दुहेरी, 26 ते 40 चे भरलेले आणि 41 पासून पुढचे अतिभरलेले मानले जाते. ही वर्गवारी ढोबळ आहे, पण या रांगेत तिचा चांगला उपयोग झाला. पाच ते आठ क्रमांकाच्या झाडांचा पल्ला 28 ते 36 होता, एक, दोन आणि चार या झाडांचा 33 ते 38, आणि नवव्या झाडाचा 44 ते 52. नववे झाड इतरांपासून एका आकड्यानेच वेगळे झाले. उरलेल्या दोन गटांचे पल्ले मात्र एकमेकांत शिरलेले होते, त्यामुळे केवळ पाकळ्या मोजून ‘पापा मेयाँ’ आणि ‘मिस्टर लिंकन’ यांत भेद करता येणार नाही, हे स्पष्ट झाले. कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे, हे असे आकडे हाती आल्यावरच ठरवावे.

रंगाच्या बाबतीत छायाचित्रांवर विसंबणे नाकारले. गडद लाल रंगात कॅमेऱ्याची लाल वाहिनी लवकर भरून जाते, पाकळीवरील छटा सपाट होतात, आणि पडद्यावर दिसणारा लाल हा फुलापेक्षा यंत्राचा अधिक असतो. अशा दोन छायाचित्रांवरून ‘तंतोतंत जुळते’ असे म्हणणारी मते कितीही आत्मविश्वासाने दिलेली असली तरी या गटातील गुलाबांसाठी ती निरुपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता घेऊन, थेट ऊन टाळून, ढगाळ दिवसाच्या पसरलेल्या उजेडात, पाकळीच्या आतल्या पृष्ठभागाचा मध्य तक्त्याशी लावून पाहिला. फूल जुने होताना काय होते याचीही नोंद ठेवली. लाल गुलाबांत सायनिन हे मुख्य रंगद्रव्य असते. पाकळी वयस्क होताना पेशीतील रसाची आम्लता कमी होते आणि रंग जांभळटपणाकडे झुकतो. हा झुकाव वाणानुसार कमीजास्त असतो. नवव्या झाडात तो ठळक होता.

निर्णायक ठरले ते पान. आठही झाडांची पाने, फांदीच्या मधल्या भागातली, पूर्ण वाढलेली आणि धूळ पुसलेली, एकाच उजेडात शेजारीशेजारी ठेवली. एक, दोन आणि चार या झाडांच्या पानांवर स्पष्ट चकाकी होती आणि हिरव्यात पिवळसर जैतुनी छटा होती. पाच ते आठची पाने गडद आणि निस्तेज होती. हा फरक बहरात नसतानाही दिसत राहिला, हवेप्रमाणे बदलला नाही आणि निरनिराळ्या लोकांनी क्रमांक न पाहता पानांची वाटणी केली तेव्हाही गट तेच पडले. भुरीचा प्रादुर्भाव आला तेव्हा तो चकाकी असलेल्या तीन झाडांवर अधिक होता, तथापि रोगाला दुय्यम पुरावाच मानले, कारण तो वाफ्यातील सावली आणि हवा खेळण्यावरही अवलंबून असतो.

खात्रीच्या झाडाशी तुलना

वर्णनाशी जुळणे आणि वाणाशी जुळणे या दोन पायऱ्या आहेत. वर्णने तोकडी असतात, एकमेकांची नक्कल केलेली असतात, आणि ज्याचे वर्णन आपल्या हाती नाही असा चौथा वाणही त्यात बसू शकतो. म्हणून ज्यांचा लागवडीपासूनचा इतिहास लिहिलेला आहे अशा संग्रहांतून ‘पापा मेयाँ’, ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ यांचे डोळे मिळवले आणि रांगेतील दुसऱ्या, सहाव्या व नवव्या झाडाच्या डोळ्यांसह एकाच प्रकारच्या खुंटावर, एकाच वाफ्यात भरले. ही कलमे पुरेशी वाढून समशीतोष्ण हवेतील भर बहर देईपर्यंत निर्णय रोखून धरला. गुलाबांचे मोठे संग्रह केवळ पाहण्यासाठी नसतात. जर्मनीतील झांगरहाउजेन येथील 1903 साली सुरू झालेल्या गुलाबवनासारख्या संग्रहांचे खरे मोल अशा तुलनेसाठी असते, जिथे हजारो वाण नोंदीसह जिवंत ठेवलेले आहेत.

डीएनए तपासणीचा प्रस्तावही आला होता. सूक्ष्म-पुनरावृत्ती चिन्हकांनी, म्हणजे डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणाऱ्या लहान तुकड्यांच्या तुलनेने, सख्ख्या भावंडांत भेद करता येतो, म्हणून येथे ती तत्त्वतः उपयोगी होती. पण तिच्या दोन मर्यादा लक्षात ठेवल्या पाहिजेत. ती नाव सांगत नाही. नमुना कोणत्या संदर्भ-झाडाशी जुळतो एवढेच सांगते, आणि संदर्भ-झाडावरच चुकीची पाटी असेल तर चूक अधिक अधिकृत होऊन परत येते. दुसरे म्हणजे, एखाद्या फांदीत आपोआप बदल होऊन जो नवा वाण निघतो, तो मूळ वाणापासून या चिन्हकांनी सहसा वेगळा करता येत नाही. ‘पीस’ या गुलाबाच्या फांदीतून निघालेला ‘शिकागो पीस’ डोळ्यांना सहज वेगळा दिसतो, पण चिन्हकांना तो वेगळा दिसेलच असे नाही. खात्रीचे संदर्भ-झाड हाताशी असेल तर शेजारी लावून केलेली तुलना या प्रकरणात पुरेशी होती.

तुलनेत दुसऱ्या झाडाचे कलम ‘पापा मेयाँ’च्या कलमापासून पानात, कळीत, रंगात किंवा वाढीत वेगळे दाखवता आले नाही. सहाव्या झाडाचे कलम त्याचप्रमाणे ‘मिस्टर लिंकन’शी जुळले. एक व चार ही झाडे दुसऱ्याच्या गटात आणि पाच, सात, आठ ही सहाव्याच्या गटात आधीच पडलेली होती. नोंदवहीत ‘मिस्टर लिंकन’ची दोनच झाडे होती आणि प्रत्यक्षात चार निघाली; ‘गडद लाल, सुवासिक’ या नोंदींपैकी दोन त्याचीच असावीत, हे अनुमान आता रास्त ठरते. म्हणजे पाटीवरचे नाव खोटे नव्हते. ते नऊपैकी तीन झाडांचे होते.

नववे झाड मात्र सुटले नाही. त्याच्या पाकळ्यांचा पल्ला, जांभळट होण्याची प्रवृत्ती आणि निस्तेज पाने ‘ओक्लाहोमा’कडे बोट दाखवत होती, पण तुलनेच्या वाफ्यात त्याचे फूल ‘ओक्लाहोमा’इतके गोल झाले नाही, मध्य अधिक काळ उंच राहिला आणि झाड स्पष्टपणे बुटके राहिले. हा फरक लहान असला तरी प्रत्येक फुलात दिसत होता. ‘क्रायस्लर इम्पीरियल’ ही दुसरी शक्यता होती, पण इतिहास नोंदलेले त्याचे झाड मिळाले नाही, त्यामुळे तुलना करता आली नाही. अशा वेळी दोनांपैकी अधिक संभाव्य नाव लिहून मोकळे होण्याचा आग्रह होतो, आणि तो नाकारणे हेच ओळख करणाऱ्याचे कर्तव्य आहे. संभाव्यता पाटीवर उतरली की ती पुढच्या वाचकाला खात्री म्हणूनच दिसते.

नाव कसे लिहिले

नाव ठरल्यानंतर ते लिहिण्याचे काम उरते. लागवडीखालील वनस्पतींच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिची पहिली आवृत्ती 1953 साली निघाली. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहिले जाते, आणि 1 जानेवारी 1959 पासून नव्या वाणाला लॅटिन नाव देता येत नाही. गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे आहे. त्यामुळे यादीत प्रजातीचे नाव रोझा, त्यापुढे एकेरी अवतरणात वाणाचे नाव, असा क्रम ठेवला.

यात गुलाबांची एक खास गुंतागुंत आहे. आधुनिक वाणाला अनेकदा पैदासकाराचे सांकेतिक नाव असते, ज्याची रोमन लिपीतील पहिली तीन मोठी अक्षरे पैदासकार दाखवतात: ‘मेइ’ने मेयाँ, ‘कॉर’ने कॉर्डेस. बाजारातील नाव देशागणिक वेगळे असू शकते. कॉर्डेस यांचा 1958 सालचा पांढरा गुलाब इंग्रजीत ‘आइसबर्ग’, जर्मनीत ‘श्नेविटशेन’ आणि फ्रान्समध्ये ‘फे दे नेज’ या नावाने विकला जातो आणि त्याचे सांकेतिक नाव ‘कॉर्बिन’ आहे. फ्रान्सिस मेयाँ यांचा गुलाब ‘मादाम ए. मेयाँ’, ‘ग्लोरिया देई’, ‘जोया’ आणि ‘पीस’ अशा चार नावांनी जगभर गेला. ही सगळी नावे एकाच झाडाची आहेत हे ठाऊक नसेल तर एकाच वाणाची चार कलमे चार वाण म्हणून यादीत येतात. म्हणून ‘पापा मेयाँ’च्या नोंदीत त्याचे ‘मेइसेझार’ हे सांकेतिक नावही दिले. एखाद्या वाणाची वेलीसारखी वाढणारी फांदी निघून तिचा स्वतंत्र वाण झाला असेल, तर तसे नावात लिहिणे आवश्यक असते. या रांगेतील झाडे झुडपी असल्याचे नोंदीत स्पष्ट केले.

नवव्या झाडासाठी जुन्या बागांत सापडलेल्या अनामिक गुलाबांची पद्धत वापरली. त्यांना अभ्यासापुरते तात्पुरते नाव दिले जाते आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहितात, म्हणजे ते वाणाचे मान्य नाव नाही हे अवतरणावरूनच कळते. यादीत त्याचे नाव “नववे काळसर लाल” असे आहे, पुढे ‘ओक्लाहोमा’ व ‘क्रायस्लर इम्पीरियल’ या दोन शक्यता, प्रत्येकीच्या बाजूची व विरोधातील लक्षणे आणि तुलनेची तारीख आहे. प्रत्येक झाडाच्या नोंदीत नावाबरोबर त्या नावाचा आधार लिहिलेला आहे: नोंदवही, वर्णन, की खात्रीच्या झाडाशी तुलना.

जुनी पाटी काढली आणि प्रत्येक झाडाला स्वतंत्र पाटी बांधली. तिसरे झाड खोदून काढले. दोन्ही ठरलेल्या वाणांचे डोळे तुलनेत वापरलेल्या दुसऱ्या आणि सहाव्या झाडांवरूनच घेतले जातात, आणि कलमासोबत मातृझाडाचा क्रमांक दिला जातो. नवव्या झाडाचे डोळे मागणाऱ्यांना ते तात्पुरत्या नावाने आणि क्रमांकाने मिळतात. इतिहासासह ‘क्रायस्लर इम्पीरियल’चे झाड मिळाले की तुलना होईल, आणि नाव ठरल्यास ज्यांच्याकडे ही कलमे गेली आहेत त्या प्रत्येकाला कळवण्यासाठी त्यांची वेगळी यादी ठेवलेली आहे.